रहस्य, भय आणि अद्भुत: कादंबरीवर प्रामाणिक अभिप्राय लिहिण्याची रीत

आमच्या वाचनालयात नव्याने आलेल्या कादंबऱ्यांसाठी एक अभिप्राय-वही ठेवलेली असते आणि तिच्यातले निवडक अभिप्राय दर महिन्याला फलकावर लावण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सामाजिक कादंबरी किंवा आत्मचरित्र यांच्याविषयी आमचे सभासद बऱ्यापैकी लिहितात. रहस्य, भय आणि अद्भुत या तीन प्रकारांपाशी मात्र गाडी अडते. कोणी सगळे कथानक खुन्याच्या नावासकट सांगून मोकळे होते, कोणी ‘एका बैठकीत संपवली, भन्नाट’ एवढ्यावर सही करते, आणि हे दोन्ही टाळणारे जे थोडे उरतात ते बहुधा ‘मला शेवट आधीच कळला होता’ असे लिहितात. या तिसऱ्या वाक्यावर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. लिहिणारा मुद्दाम खोटे बोलत नसतो. शेवट कळला की आधीच्या वाचनाची आठवणच बदलते आणि माणूस त्या बदललेल्या आठवणीची साक्ष देतो. म्हणून खालील टप्प्यांत सर्वाधिक महत्त्व क्रमाला आहे. काय केव्हा लिहायचे हे चुकले, तर पुढची कितीही चांगली भाषा ती चूक भरून काढू शकत नाही.

१. पुस्तक उघडण्यापूर्वी

मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. रहस्यकादंबरीच्या मलपृष्ठावर पहिल्या शंभर पानांत घडणारी घटना पुष्कळदा सरळ सांगून टाकलेली असते. ती वाचून बसलात, की ती घटना येईपर्यंत तुम्ही नुसती वाट पाहत राहता आणि अभिप्रायात ‘सुरुवात रेंगाळते’ असे लिहून मोकळे होता. सुरुवात रेंगाळलेली नसते. पुढे काय होणार हे कोणीतरी तुमच्या कानात आधीच सांगितलेले असते.

त्याऐवजी आवृत्त्यांचे तपशील छापलेले आतले पान काळजीपूर्वक पाहा. पुस्तक ‘नवे’ आहे असे आपण मुखपृष्ठावरून ठरवतो आणि तिथेच फसतो. सेइशी योकोमिझो या जपानी लेखकाची किंदाइची हा गुप्तहेर असलेली पहिली कादंबरी १९४६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली, पण इंग्रजीत ती आली २०१९ मध्ये. ती ‘ताजी’ म्हणून वाचणारा वाचक तिच्यातल्या युद्धपूर्व जपानला लेखकाची हौस समजण्याची शक्यता आहे. आपल्याकडे नारायण धारप यांच्या कादंबऱ्या नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा दुकानांत आल्या आहेत. १९२५ मध्ये जन्मलेल्या लेखकाच्या पात्रांकडे मोबाइल का नाही, अशी तक्रार आमच्या वहीत एकदा खरोखर नोंदवली गेली होती. याच पानावर ‘अनुवाद’, ‘रूपांतर’ आणि ‘आधारित’ यांपैकी कोणता शब्द छापला आहे तेही पाहून ठेवा. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे माहीत नसताना तिच्या कथाकल्पनेची स्तुती केली, तर ती चुकीच्या दारात पोहोचते, आणि परक्या कथेला मराठी गावाचा वास देण्याचे जे श्रेय धारपांचे आहे ते द्यायचे राहूनच जाते.

आता पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या आणि त्यावर दोन वाक्ये लिहा: या पुस्तकाकडून माझी अपेक्षा काय आहे, आणि या प्रकारातले काय मला मुळातच सोसत नाही. माझ्या कागदावर बहुतेक वेळा ‘स्वप्नाने सुरू होणारी प्रकरणे सोसत नाहीत’ हे एक वाक्य असतेच. हा माझा दोष असेल, पण तो लिहून ठेवला म्हणजे पुढे लेखकाच्या माथी मारला जात नाही.

पडताळणी: लेखक तुमच्या परिचयाचा आहे का, पुस्तक भेट मिळाले आहे का, हेही याच कागदावर लिहा. मराठी लेखकांचे जग लहान आहे आणि कोणी ना कोणी कोणाचा तरी मावसभाऊ निघतो. ओळख असणे हा गुन्हा नाही. ती लपवली, की अभिप्राय बाद.

२. वाचताना तीन थांबे

कादंबरी ३२० पानांची असेल तर ८०, १६० आणि २४० या पानांवर आधीच कोऱ्या चिठ्ठ्या घालून ठेवा. चिठ्ठी लागली की वाचन थांबवायचे आणि तीन-चार ओळी लिहायच्या. कथा रंगात असताना हे जिवावर येते, हे मला मान्य आहे. पण रंगात असतानाची नोंदच नंतर सोन्याची ठरते.

काय लिहायचे ते प्रकारानुसार बदलते. रहस्यकादंबरीत प्रत्येक थांब्यावर ज्याचा संशय येतो त्याचे नाव आणि संशयाचे एक कारण लिहा. शिवाय एखादी गोष्ट विनाकारण आल्यासारखी वाटली असेल तर तिचा पान क्रमांकही लिहा. अद्भुत कादंबरीत, म्हणजे आपण ज्याला फँटसी म्हणतो तिच्यात, त्या जगाचे कायदे नोंदवा: इथली जादू काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ती वापरणाऱ्याला तिची काय किंमत मोजावी लागते. भयकादंबरीत वेळ आणि जागा लिहिणे आवश्यक आहे. रात्री साडेअकराला, घरात एकटे असताना वाचलेले प्रकरण आणि तेच प्रकरण लोकलच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून वाचलेले, यांत भीतीचा फरक कादंबरीमुळे किती आणि परिस्थितीमुळे किती, हे नंतर ठरवायचे तर नोंद हवीच. कोणत्या पानावर तुम्ही मान वर करून दाराकडे पाहिलेत, तेही लिहून ठेवा.

सावधान: वाचनालयाच्या प्रतीत पेन्सिलीनेही खूण करू नका. मी एकदा घरी नेलेल्या रहस्यकादंबरीत चाळिसाव्या पानावर कोणीतरी एका पात्राच्या नावाखाली दोन रेघा ओढून समासात ‘हाच!’ असे लिहिले होते. पुढची दोनशे पाने मी त्या बिचाऱ्याकडे संशयाने पाहत काढली आणि शेवटी तो निर्दोष निघाला.

३. शेवटच्या प्रकरणाआधी अर्धे पान

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात आणि सगळी गडबड इथेच होते. उलगड्याचे प्रकरण सुरू होण्याआधी पुस्तक मिटा आणि अर्धे पान सलग लिहा. त्यात तीन गोष्टी याव्यात: आता मला काय वाटते आहे, कोणता प्रश्न मला खरोखर सतावतो आहे, आणि शेवट काहीही निघाला तरी या कादंबरीने इथवर मला काय दिले. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच तुमच्या अभिप्रायाचा कणा. तीनशे पाने वाचणाऱ्याने त्यांतली दोनशे ऐंशी तरी शेवट माहीत नसतानाच वाचलेली असतात, आणि अभिप्राय वाचणाराही पुस्तक त्याच अवस्थेत हातात घेणार असतो.

मी स्वतः या बाबतीत तोंडघशी पडलो आहे. एका कादंबरीबद्दल ‘खुनी कोण ते मला मध्यावरच कळले, त्यामुळे पुढे रस उरला नाही’ असे मी चार लोकांसमोर ठासून सांगितले. घरी येऊन चिठ्ठ्या काढल्या, तर मध्याच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात डॉक्टरांचे नाव होते, पाऊण भागाच्या चिठ्ठीवर धाकट्या जावेचे, आणि खऱ्या खुन्याचा उल्लेख फक्त एकदा, तोही कंसात, प्रश्नचिन्हासह. त्या एका प्रश्नचिन्हाच्या जोरावर माझ्या आठवणीने मला सर्वज्ञ करून टाकले होते. तेव्हापासून चिठ्ठी नसेल तर ‘आधीच कळले होते’ हे वाक्य मी फलकावर लावत नाही.

पडताळणी: हे अर्धे पान शेवट वाचल्यानंतर दुरुस्त करायचे नाही. एक शब्दही नाही.

४. शेवटानंतर एक रात्र, मग उलटा प्रवास

शेवट वाचल्या वाचल्या लिहायला बसू नका. चांगला धक्का आधीच्या शंभर कंटाळवाण्या पानांवर पांघरूण घालतो, आणि फसलेला शेवट आधीच्या उत्तम पानांची किंमत बुडवतो. एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा चाळा, मात्र या वेळी फक्त उलगड्यात ज्यांचा आधार घेतला आहे तेवढीच पाने.

रहस्यकादंबरीत इथे प्रामाणिकपणाची कसोटी लेखकाची असते. इंग्लंडमधील पाद्री आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम सांगितले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आला पाहिजे, गुप्तहेराला योगायोगाने किंवा कारण न देता येणाऱ्या अंतःप्रेरणेने उत्तर मिळता कामा नये, एकाहून अधिक गुप्त खोली किंवा भुयार नको, अशा धर्तीचे ते आहेत. ते वेदवाक्य मानण्याचे कारण नाही आणि त्यांतले काही नियम मोडूनच उत्तम कादंबऱ्या झाल्या आहेत. अगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीवर तर ‘वाचकाला फसवले’ असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. तिचे नाव मी इथे देत नाही, कारण या आक्षेपाशेजारी नाव ठेवले की निम्मे रहस्य तिथेच फुटते. तरीही परत चाळताना तीन गोष्टी तपासायला हे नियम पुरतात: निर्णायक पुरावा मला दाखवला होता का, दाखवला असेल तर मी तो का ओलांडून गेलो, आणि गुन्हेगाराचे आधीचे वागणे त्याला जे माहीत होते त्याच्याशी जुळते का. तिसरा मुद्दा सर्वांत कठोर आहे. पुष्कळ नव्या कादंबऱ्या धक्क्यासाठी इतक्या आतुर असतात की, एकट्याने खोलीत बसलेला खुनीसुद्धा त्यांत खून ऐकून दचकतो. दचकताना त्याच्याकडे पाहणारे तिथे कोणीही नसते. तो केवळ आपल्यासाठी दचकलेला असतो. ही लबाडी आहे आणि अभिप्रायात ती लबाडी म्हणूनच नोंदवावी.

५. भय आणि अद्भुत: वेगळी मापे

‘मला भीती वाटली नाही’ हे भयकादंबरीवरचे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी मत आहे. भीती कुठे वाटायला हवी होती आणि तिथे काय झाले, हे सांगितले तरच ते मत होते. चिठ्ठ्या समोर ठेवा आणि पाहा: कादंबरी भयाची वस्तू केव्हा दाखवते? दाखवण्याआधी किती वेळ ती फक्त आवाज, वास, एखाद्या वस्तूची बदललेली जागा यांवर निभावून नेते? आणि दाखवल्यानंतर भीती वाढते की ओसरते? माझ्या मते नव्या भयकादंबऱ्यांचा नेहमीचा दोष घाई हा आहे. वाडा, बंद खोली, अमावास्या आणि नखे, सगळे तिसऱ्याच प्रकरणात हजर होते आणि पुढे लेखकाच्या हातात केवळ रक्ताचे प्रमाण वाढवणे उरते.

आमच्या कपाटात रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा आणि धारपांच्या भयकथा शेजारी-शेजारी असतात आणि वाचक त्यांना एकाच मापाने मोजतात, तेही थांबले पाहिजे. त्झ्वेतान टोडोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये मांडलेला एक भेद इथे उपयोगी पडतो: घडलेल्या गोष्टीचे कारण नैसर्गिक की अतिमानवी, याविषयी वाचक जोवर दोलायमान असतो तोवर एक प्रकारचा अनुभव असतो, आणि उत्तर मिळताच तो दुसऱ्या प्रकारात जातो. ज्या कादंबरीला ते दोलायमान ठेवणेच साधायचे आहे, तिच्यावर ‘शेवटी नीट उलगडाच केला नाही’ असा ठपका ठेवू नका. मात्र जी कादंबरी दोनशे पाने उलगड्याचे वचन देते आणि मग धुके पसरून निघून जाते, तिला गूढ म्हणून सूटही देऊ नका.

अद्भुत कादंबरीबाबत ‘असे कुठे असते का?’ हा प्रश्न विचारण्याला अर्थ नाही. ‘या जगात असे असते का?’ हा खरा प्रश्न आहे. तुम्ही चिठ्ठ्यांवर त्या जगाचे कायदे लिहिले आहेत, तेव्हा संकटाच्या क्षणी ते मोडले जातात का एवढे पाहा. मृताला परत आणता येत नाही असे ८०व्या पानावर ठरले असेल आणि ३००व्या पानावर नायिकेच्या अश्रूंनी ते साधत असेल, तर तो अद्भुताचा महिमा नसून हिशेबातली चूक आहे.

६. अनुवादित पुस्तक असेल तर

दोष कोणाचा हे ठरवल्याशिवाय लिहू नका. कथानक, पात्रे, गती यांची जबाबदारी मूळ लेखकाची; वाक्यांची जबाबदारी अनुवादकाची. ‘त्याने खांदे उडवले’ किंवा ‘तिचे हृदय तिच्या तोंडात आले’ अशी वाक्ये पानोपानी असतील, तर भीती का वाटली नाही याचे उत्तर तिथेच मिळते. दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्या, पान क्रमांक द्या आणि अनुवादकाचे नाव चांगल्या अनुवादाच्या वेळीही तितक्याच ठळकपणे लिहा.

७. मसुदा: किती सांगायचे, कुठे थांबायचे

कथानक सांगायचे ते पुस्तकाच्या पहिल्या पाव भागापर्यंतचेच, आणि अभिप्रायाच्या पाव भागाहून अधिक जागा त्याला द्यायची नाही. हे पाळूनही रहस्य फुटते ते एका वेगळ्याच वाटेने: ‘शेवटचा धक्का कोणीही ओळखू शकणार नाही’ या वाक्याने. शेवटी धक्का आहे असे कळलेला वाचक दिसते त्या उत्तरावर विश्वास ठेवायचे सोडून देतो आणि सर्वांत निरुपद्रवी पात्राकडे पाहू लागतो. धक्का आहे हे सांगणे म्हणजेच निम्मा धक्का सांगणे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कादंबरी घेऊ: कोकणातला वाडा, तीन भाऊ, थोरल्याचा मृतदेह विहिरीत, आणि पहाटे पोहऱ्याचा दोर कोरडा असल्याचा पहिल्या प्रकरणातला एक ओझरता उल्लेख. वहीत असा अभिप्राय येतो: ‘थोरल्या भावाचा विहिरीत बुडून मृत्यू होतो. सगळ्यांना धाकट्यावर संशय येतो, पण शेवटी कोरड्या दोरावरून जे कळते ते वाचून अंगावर काटा येतो. खिळवून ठेवणारी कादंबरी.’ तीन वाक्यांत पुरावा गेला, एक संशयित निर्दोष ठरला, आणि मत मात्र कुठेच आले नाही.

तोच वाचक आपल्या चिठ्ठ्या घेऊन बसला असता तर असे लिहू शकला असता: ‘वाड्यातल्या एका मृत्यूने कादंबरी सुरू होते आणि पहिल्या ऐंशी पानांत तिघा भावांमधला जमिनीचा वाद इतका बारकाईने उभा राहतो की, मी खुनाचा तपास विसरून वाटणीपत्राच्या काळजीत पडलो. निर्णायक पुरावा लेखकाने डोळ्यांसमोर ठेवला होता. मी तो वाचला आणि पुढे गेलो, हे मला परत चाळताना दिसले. मधली साठ पाने पोलीस ठाण्यातल्या संभाषणांत जातात आणि त्यांतून नवे काही हाती लागत नाही. अखेरच्या भागात एका पात्राला जी गोष्ट माहीत असते, ती त्याला कुठून कळली हे कादंबरी सांगत नाही.’ शेवटचे वाक्य पाहा. दोष पुरता सांगितला आहे, त्याची जागा सांगितली आहे, पण नाव नाही. दोष सांगायला नाव लागत नाही. दोषाची जात सांगितली की पुरते.

सावधान: दोष सांगायचाच आणि तो उलगड्याशिवाय सांगता येतच नाही, अशी वेळ क्वचित येते. तेव्हा तो भाग वेगळ्या कागदावर लिहा, वर ‘कादंबरी वाचलेल्यांसाठी’ असे ठळक लिहा आणि तो कागद घडी घालूनच लावा.

८. शब्दांची झाडाझडती

मसुद्यातले भन्नाट, थरारक, खिळवून ठेवणारी, अंगावर काटा, पानोपानी उत्कंठा, हे सगळे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी काय घडले ते लिहा. ‘खिळवून ठेवले’ऐवजी ‘दूध उतू गेल्याचा वास येईपर्यंत मी उठलो नाही’ हे लिहिता येते, बशर्ते ते खरे असेल. निंदेच्या शब्दांनाही हाच नियम लावा. ‘टुकार’ हे मत नव्हे. पहिल्या टप्प्यावरचा कागद आता काढा आणि आपली आवड ती ‘मला’ या शब्दाने, कादंबरीतला दोष तो पान क्रमांकाने, असे दोन्ही वेगळे करा. नवोदित लेखकाला सांभाळून घेण्यासाठी मत बोथट करू नका, आणि नामवंताला धडा शिकवण्यासाठी ते धारदारही करू नका.

९. दोघांना वाचायला द्या

एक असा, ज्याने ती कादंबरी वाचलेली नाही. त्याला अभिप्राय देऊन एवढेच विचारा: ‘तुला काय वाटते, कोणी केले असेल?’ किंवा ‘शेवटी काय होत असेल?’ त्याने बरोबर ओळखले, तर तुमच्या मसुद्यात कुठेतरी गळती आहे. कोणत्या वाक्यावरून ओळखले ते विचारून ते वाक्य काढा. दुसरा असा, ज्याने ती वाचलेली आहे. त्याला तुमचे मत पटते का हे विचारू नका. तुम्ही वर्णन केलेले पुस्तक त्याने वाचलेलेच पुस्तक आहे का, हे विचारा.

मग सही करा आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी मत बदलले तर जुने खोडू नका. त्याच्याखाली नवी तारीख घालून नवे मत लिहा. आणि पुस्तक परत करण्यापूर्वी आतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून घ्यायला विसरू नका. गेल्या पावसाळ्यात मी एक तशीच राहू दिली, आणि पुढच्या वाचकाने काउंटरवर येऊन मला शांतपणे विचारले, ‘ही धाकटी जाऊ कोण?’